वाहत्या पाण्याचा मऊ फोटो: सह्याद्रीतल्या ओढ्या-धबधब्यांवर शटरचा हिशेब कसा करायचा

ऑगस्टमधल्या शनिवारी ताम्हिणी घाटात रस्त्याकडेच्या कुठल्याही धबधब्यापाशी थांबा. चार-सहा ट्रायपॉड लागलेले दिसतील आणि ‘किती सेकंद ठेवलंस?’, म्हणजे शटर (उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) किती वेळ उघडं ठेवलंस, हा प्रश्न हमखास कानावर पडेल. विचारायला हरकत नाही, पण उत्तराचा उपयोग फारसा नसतो. शेजारच्याने लेन्स वरच्या धारेवर लावलेली असते आणि तुमची नजर पायाशी वाहणाऱ्या ओहळावर असते. त्याचं अर्धं सेकंद तुमच्या कामाचं असेलच असं नाही.

पाणी मऊ दिसतं ते शटर उघडं असताना ते फोटोच्या चौकटीत सरकतं म्हणून. म्हणजे तीन गोष्टी बघायच्या: पाण्याचा वेग, पाणी किती जवळ आहे आणि लेन्स किती वाइड आहे, म्हणजे किती रुंद दृश्य घेते. दहा मीटरवरून कोसळणारं पाणी, हवेचा अडथळा सोडून दिला तर, खाली पोचेपर्यंत सेकंदाला १४ मीटरच्या आसपास वेग घेतं. त्याला शटरचा १/१० सेकंद मिळाला तरी ते जवळजवळ दीड मीटर सरकतं. सपाटीवरचा ओढा सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल, तर तेवढंच अंतर कापायला त्याला तीन सेकंद लागतात. एकाच जागी, एकाच उजेडात धबधब्याला आणि ओढ्याला लागणाऱ्या वेळात तीसपट फरक पडतो. म्हणूनच ‘धबधब्यासाठी एक सेकंद’ अशा तयार तक्त्यांवर माझा विश्वास नाही.

त्याऐवजी एक वाळकं पान घ्या. चौकट ठरवून झाली की ते पाण्यात सोडा आणि चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्या वेळाचा पाचवा भाग हा तुमचा पहिला शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं ठेवायचा वेळ. पान चार सेकंदांत गेलं, तर ०.८ सेकंद. या मापाने पाणी मऊ होतं, पण त्याचे धागे शाबूत राहतात. कुठे वळलं, कुठे आपटलं, कुठे दोन धारा एकत्र आल्या ते दिसतं. पाचव्याऐवजी दहावा भाग घेतलात तर पाणी जरा खरबरीत, जोरकस दिसतं. निम्म्याच्या पुढे गेलात की धागे पुसले जातात आणि कातळावर कुणी चुना ओतल्यासारखा पांढरा पट्टा उरतो. बऱ्याच जणांना तोच आवडतो, मला नाही. पडत्या धबधब्यात पान टाकता येत नाही. तिथे धारेतला फेसाचा एखादा ठळक पुंजका नजरेने धरायचा आणि तो चौकटीच्या वरून खाली यायला किती वेळ लागतो त्याचा अंदाज घ्यायचा. मोठ्या धबधब्याला बहुतेक वेळा १/८ ते १/४ सेकंद पुरतात.

कधी जायचं

जूनच्या पहिल्या पावसात जाऊ नका. डोंगरावरची लाल माती, पालापाचोळा, प्लास्टिक असं सगळं त्या पाण्यातून खाली येत असतं. मऊ केलेल्या गढूळ पाण्याचा फोटो चहाच्या रंगाचा येतो, आणि एडिटिंगमध्ये तो पांढरा करायला गेलं की दगडांचाही रंग जातो. जुलैत पाणी भरपूर असतं, पण जरा जास्तच. धबधब्याची भिंत होते, मधले खडक बुडतात आणि तुषारांमुळे लेन्स कोरडी राहत नाही. फोटोसाठी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. पाणी निवळलेलं असतं, खडक वर डोकावतात, शेवाळ आणि नेचे हिरवेगार असतात आणि एका रुंद पडद्याच्या चार-पाच वेगळ्या धारा झालेल्या असतात. मऊ पाण्याला अशा सुट्या धाराच शोभतात.

वेळ सकाळची. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे बहुतेक धबधबे पश्चिमेकडे तोंड करून असतात, त्यामुळे सकाळी कडा स्वतःच्याच सावलीत असतो. दुपारनंतर ऊन समोरून येतं आणि पांढरं पाणी पार फटफटतं. ढगाळ दिवस असेल तर घाई नाही, दिवसभर काम करता येतं. पाऊस नुकताच उघडलेला असताना खडक ओले आणि गडद असतात, पाणी त्यावर उठून दिसतं. ती अर्ध्या तासाची संधी सोडू नये.

बॅगेत काय लागतं

शटर स्पीड हाताने ठरवता येणारा कोणताही कॅमेरा चालतो, कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्सही चालते. ट्रायपॉड मात्र हवाच, आणि तो हलका-फुलका नको. या तिघांनंतर पहिला खर्च मी सीपीएलवर, म्हणजे चमक काढणाऱ्या पोलरायझर फिल्टरवर करायला सांगेन, एनडी हा उजेड अडवणारा फिल्टर त्यानंतर. कारण उजेड कमी करण्याचं काम सीपीएलही दीड-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) करतोच, शिवाय ओल्या दगडांवरची आणि पानांवरची पांढरी चमक काढून टाकतो. ती चमक गेली की खालचा हिरवा आणि काळा रंग वर येतो. हे काम एडिटिंगमध्ये जमत नाही.

सीपीएल फिरवताना डोळा स्क्रीनवर ठेवा आणि हळूहळू फिरवा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघत असाल, तर परिणाम सर्वांत जास्त मिळतो. सरळ वरून खाली बघताना जवळपास काहीच होत नाही. मात्र चमक शंभर टक्के काढू नका. दगड ओला आहे हे डोळ्यांना कळतं ते थोड्याशा चकाकीमुळेच. ती पूर्ण घालवली तर खडक कोरडाठाक आणि मातकट दिसतो.

एनडी म्हणजे लेन्ससमोरची काळी काच. एनडी ८ तीन स्टॉप उजेड अडवतो, म्हणजे वेळ आठपट होतो. एनडी ६४ सहा स्टॉप, चौसष्टपट. एनडी १००० दहा स्टॉप, साधारण हजारपट. ओढ्या-धबधब्यांसाठी पहिले दोन पुरतात. हजारवाला समुद्रासाठी, किंवा दुपारच्या उजेडातही काम करायचंच असेल तर. फिरवून कमी-जास्त गडद करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण स्वस्तातला असेल आणि शेवटपर्यंत पिळला तर वाइड लेन्सवर चौकटीत काळा फुलीसारखा डाग उमटतो.

आकडे कसे बसतात

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ धरून तीन प्रसंग बघू. झाडांच्या दाट सावलीतला ओढा: कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर साधारण १/१५ सेकंद दाखवतो. सीपीएल लावला की तोच १/५ च्या आसपास जातो. म्हणजे एनडीशिवाय भागलं. दुसरा, उघड्यावरचा धबधबा, वर ढग: मीटर १/६०, सीपीएल लावल्यावर १/२०, त्यावर एनडी ८ लावला की साधारण ०.४ सेकंद. तिसरा, टळटळीत ऊन: मीटर १/२००. एनडी ६४ लावून १/३ सेकंद मिळेल खरा, पण सावल्या काळ्या आणि पाणी जळकं पांढरं येईल. तेव्हा डबा उघडून जेवून घ्यावं.

फिल्टर नसेल तर लोक ॲपर्चर एफ/२२ वर नेतात. अडचणीला चालतं, पण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो किंचित पुसट होतो. एपीएस-सी या लहान सेन्सरवर एफ/११, फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवर एफ/१६ च्या पुढे शक्यतो जाऊ नका. शिवाय बारीक ॲपर्चरला लेन्सवरचा प्रत्येक थेंब आणि सेन्सरवरची धूळ ठळक होऊन दिसते.

जागेवर पोचल्यावर

आधी ट्रायपॉड उघडू नका. कॅमेरा हातात घेऊन फिरा, बसा, वाका. शोधायचा तो स्थिर दगड. पाणी हललेलं दिसायचं तर शेजारी काहीतरी ठाम उभं असावं लागतं. नुसता पांढरा झोत भरलेली चौकट मऊ केली की उरतं फक्त धुकं. शेवाळलेला एखादा गोटा, अडकलेलं लाकूड, पाण्यात वाकलेली नेच्याची फांदी, यांतलं काहीतरी पुढे घ्या आणि पाण्याला त्याच्याभोवती वळू द्या. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे, म्हणजे पाण्याने कातळात कोरलेले रांजणासारखे खड्डे आहेत. तिथे कातळातली वळणंच इतकी देखणी आहेत की पाणी थोडं असलं तरी फोटो होतो, उलट थोडं असलेलंच बरं. याउलट साताऱ्याजवळच्या ठोसेघरला धबधबा समोरच्या बाजूच्या गॅलरीतून बघायचा असतो. तिथे वाइड लेन्सने सगळं कोंबण्यापेक्षा ७०-२०० सारखी दूरचं जवळ आणणारी लेन्स लावून कड्याचा एखादाच टप्पा घ्यावा.

जागा ठरली की ट्रायपॉड. पाय खडकाला टेकवा, वाळूवर किंवा सुट्या गोट्यांवर नको. मधला दांडा वर काढू नका. पाय पाण्यात ठेवायची वेळ आली तर ते तळापर्यंत दाबून बसवा आणि तरीही हात लावून बघा: जोरदार प्रवाहात पाय सतारीच्या तारेसारखे थरथरतात आणि स्क्रीनवर ते कळत नाही. बॅग खाली अडकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली असू द्या. लोंबकळत राहिली तर वाऱ्याने झुलते. लेन्स किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा.

त्यानंतरचा क्रम मोडू नका. सीपीएल लावून फिरवून घ्या. दगडावर फोकस करा. पाण्यावर नको, हलत्या पाण्यावर फोकस धरत नाही. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं दृश्य, मोठा करून नीट बसला का ते बघा आणि फोकस मॅन्युअलवर टाका. एनडी ६४ किंवा त्याहून गडद असेल तर तो आता, फोकसनंतर लावायचा. लेन्स न फिरवता, हलक्या हाताने. मोड मॅन्युअल, फाइल रॉ (सेन्सरची मूळ माहिती जपणारी), दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर असेल, तर डोळा लावायची मागची खिडकी रुमालाने झाका. तिथून उजेड शिरतो.

पहिला फोटो काढला की आधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख बघा. चौकटीत काळे खडक जास्त असतील तर मीटर फसतो, सगळं उजळवतो आणि पाण्यातला तपशील कायमचा जातो. उजळ भाग लुकलुकण्याची सूचना चालू करा आणि पाणी लुकलुकलं तर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली या. खडकांच्या सावल्या रॉमधून नंतर वर आणता येतात, उडालेलं पांढरं परत येत नाही. मग पानाने दिलेल्या वेळेच्या निम्मा आणि दुप्पट असे आणखी दोन फोटो घ्या. उजेड सारखा ठेवण्यासाठी आयएसओ किंवा ॲपर्चर बदला. घरी मोठ्या पडद्यावर तिघांतला एक निवडताना डोळा लवकर तयार होतो.

वारा हा वेगळा त्रास. पाणी मऊ हवं, पण पानंही मऊ आली तर फोटो हललेला वाटतो. कॅमेरा जागचा न हलवता आयएसओ १६०० करून १/६० किंवा १/१२५ ला आणखी एक फोटो काढून ठेवा. नंतर मऊ फोटोवर फक्त पानांपुरता तो मिसळायचा. त्यासाठी ट्रायपॉडला दोन्ही फोटोंच्या मध्ये धक्का लागता कामा नये.

धबधब्याच्या जवळ असाल तर प्रत्येक फोटोनंतर काच तपासा. मी लेन्ससमोर मऊ कापड धरतो, टायमर सुरू करतो आणि शेवटच्या क्षणी कापड काढतो. कापडं दोन हवीत, एक ओलं होणारच असतं. छत्री घेऊन उभा राहणारा मित्र मिळाला तर त्याला वडापाव द्यायला विसरू नका.

डोहातला फेस

हा प्रकार कमी लोक करतात आणि मला धबधब्याहून जास्त आवडतो. धबधब्याच्या खालच्या डोहात कडेला पाणी गोल फिरत असतं आणि त्यावर फेसाचे पुंजके असतात. डोळ्यांना ती गिरकी नीट दिसत नाही, कारण ती फार संथ असते. सावलीत एफ/११ ला मीटर १/१५ दाखवत असेल, तर सीपीएल आणि एनडी ६४ मिळून १२ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो, आणि तेवढ्यात फेस पाण्यावर वर्तुळं काढतो. फेस थोडासाच हवा. डोह फेसाने भरलेला असेल तर सगळं एकजीव पांढरं होतं. चार-पाच पुंजके आणि एखादं पिवळं पान एवढं पुरतं. एक फेरी किती सेकंदांत होते ते बघा आणि शटर त्याच्या पाव ते निम्म्या वेळ उघडा. पूर्ण फेरी झाली की सुरुवात-शेवट जुळून नुसतं कडं उमटतं, कमानीत जी ओढ असते ती त्यात राहत नाही.

समुद्र

कोकण किनाऱ्यावर हिशेब बदलतो, कारण पाणी येतं आणि परत जातं. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले कातळ आहेत. अशा ठिकाणी लाट फुटताना शटर दाबलं तर पांढरा गोळा मिळतो. लाट फुटून झाली, पाणी कातळावरून मागे ओसरायला लागलं, की दाबा: अर्धा ते एक सेकंद. ओसरणाऱ्या फेसाच्या रेघा समुद्राकडे जाताना दिसतात. ३० सेकंदांच्या पुढे लाटा पुसल्या जातात आणि खडक धुक्यात उभे असल्यासारखे वाटतात. तेव्हा एनडी १००० आणि बल्ब मोड, म्हणजे शटर हवं तेवढा वेळ उघडं ठेवायची सोय.

भरती-ओहोटीची वेळ आधी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, आणि ट्रायपॉड लावून पाठमोरे बसलात तर मागची वाट कधी पाण्याखाली गेली ते कळत नाही. ओहोटी सुरू झाल्यावर कातळावर उतरायचं, भरती लागायच्या आधी परतायचं.

नुसता मोबाइल असेल तर

आयफोनवर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, मग फोटो उघडून ‘लाइव्ह’वर टॅप करा आणि लाँग एक्स्पोजर निवडा. तीन सेकंदांच्या चित्रणातून फोन स्वतः पाणी मऊ करतो. हात स्थिर हवा, फोन दगडावर टेकवलात तर उत्तम. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ६ पासून लाँग एक्स्पोजरची हीच सोय आहे. इतर अनेक अँड्रॉइड फोनांत शटर हाताने ठरवता येणारा प्रो मोड असतो, पण बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही आणि ते चांगलंच मोठं असतं. त्यामुळे दिवसा अर्धं सेकंद ठेवलं तर पडदा पांढरा होतो. त्याला उपाय क्लिपने लावायचा एनडी फिल्टर, नाहीतर संध्याकाळची वाट बघणं.

कॅमेऱ्यावरही फिल्टर नसेल तर असाच एक मार्ग आहे. ट्रायपॉडवर १/१५ चे आठ फोटो लागोपाठ काढा आणि संगणकावर त्यांची सरासरी घ्या. मिळून अर्ध्या सेकंदाचा परिणाम येतो, शिवाय नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी होतो. काही कॅमेऱ्यांत मल्टिपल एक्स्पोजरमध्ये ‘ॲव्हरेज’ हा पर्याय असतो, तोच हे काम जागेवर करतो.

पाण्याशी सावध

फोटोग्राफर पाण्याला पाठ करून आणि डोळा स्क्रीनला लावून बसतो, म्हणून हे आपल्याला जास्त लागू. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यावर एका कुटुंबातले पाच जण काही क्षणांत वाहून गेले. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर माथ्यावर पडलेला पाऊस खाली येतोच. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं जास्त वाहून यायला लागली, बुडत नसलेला दगड बुडायला लागला किंवा आवाज वाढला, की कॅमेरा लावलेल्या ट्रायपॉडसकट उचला आणि वर चढा; फिल्टर काढत बसू नका. म्हणूनच जागा निवडताना वर जायची वाट आधी बघायची आणि प्रवाहाच्या मधल्या बेटावर कधीच जायचं नाही. काळ्या शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही, हेही गृहीत धरा. पावसाळ्यात बऱ्याच धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश असतात. निघण्यापूर्वी चौकशी करा.

घरी आल्यावर

एडिटिंगला थोडंच लागतं. सावलीतलं पाणी निळसर येतं. त्याची निळाई थोडी उतरवा, पण सगळी नको. गडद एनडीचा स्वतःचाही एक रंगझाक असतो, रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) बदलून तो जातो. बारकावे ठळक करणारे क्लॅरिटी आणि टेक्श्चर फक्त खडकांवर द्या, बाकीचा भाग मास्क करून, म्हणजे झाकून. पूर्ण फोटोवर दिलंत तर एवढं करून मिळवलेलं मऊ पाणी पुन्हा खरखरीत होतं.

सामान त्याच दिवशी बॅगेतून बाहेर काढा. ओली बॅग बंद ठेवली की पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती साफ करायला लेन्स खोलावी लागते. कॅमेरा पुसून पंख्याखाली ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. समुद्रावरून आलात तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने आटे धरतात. फिल्टर लेन्सवर तसाच ठेवू नका. ओलीने कड्या एकमेकींत घट्ट अडकतात. अडकल्याच तर जोर लावून आवळू नका, त्याने कडी वाकते. फिल्टरच्या कडेभोवती रुंद रबरबँड चढवा आणि तळहाताने सगळीकडून सारखा दाब देऊन फिरवा.